पुरलेल्या इतिहासाची थकबाकी

भयपट हा वृत्तपत्राच्या या पानावर चर्चा करण्याचा विषय नव्हे, असा आपल्याकडील सुशिक्षितांचा एक समज आहे. भूतखेत, किंकाळ्या आणि करकरणारे दरवाजे यांवर चालणारी ती हलकी करमणूक, एवढ्यावर आपण तिची बोळवण करतो. तथापि, ज्या समाजांना आपल्या इतिहासाकडे सरळ पाहणे जड गेले, त्यांनी तो पुष्कळदा भयकथेच्या आडून पाहिला आहे. दिवसा ज्याचा उच्चार करावयाचा नाही ते रात्री स्वप्नात येते, हा अनुभव व्यक्तीपुरता मर्यादित नाही. समाजालाही झोप असते आणि समाजाचीही झोपमोड होते. मिखाएल व्हेनुस या दिग्दर्शकाचा ‘श्लाफ’ म्हणजे ‘झोप’ हा २०२० सालचा जर्मन चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भायखळ्यापासून लालबाग-परळपर्यंत पसरलेल्या गिरणगावात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी तर तो अवश्य पाहावा, असे मला वाटते.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. मार्लेने नावाची एक स्त्री वर्षानुवर्षे एकाच जागेची दुःस्वप्ने पाहते. ती जागा कल्पनेतील नसून खरोखरच अस्तित्वात आहे, असे तिला एके दिवशी कळते. एका आडगावातील ते एक हॉटेल आहे. ती तेथे जाते आणि तिचे भान हरपते. आईच्या मागोमाग आलेली तरुण मुलगी मोना त्याच हॉटेलात मुक्काम करते आणि आईची स्वप्ने तिला पडू लागतात. हळूहळू उलगडा होतो तो असा, की हॉटेलाच्या भरभराटीच्या मुळाशी एक जुना अत्याचार आहे. महायुद्धाच्या काळात सक्तीच्या मजुरीला जुंपलेल्या एका स्त्रीवर गावातील कर्त्या पुरुषांनी तो केला आणि पुढे गावाने त्यावर माती लोटली. तिची आठवण काढणारे कोणी उरले नाही. उरली ती केवळ एक अस्वस्थ जागा. त्या अत्याचाराचा भोग मात्र नातवंडांच्या पिढीच्या वाट्याला येतो.

या कथेत जे भयंकर आहे ते भूत नव्हे. भयंकर आहे ते हॉटेलमालकाचे आदरातिथ्य, त्याची टापटीप, त्याचे हसणे. इतिहास पुरून टाकणारी माणसे राक्षसी नसतात. ती व्यवहारी असतात, गावाच्या प्रगतीची काळजी वाहणारी असतात, आणि ‘आता ते उकरून काय मिळणार?’ हा त्यांचा प्रश्न दिसायला अगदी शहाणपणाचा असतो.

जर्मनीची परंपरा

जर्मन सिनेमाला हा विषय नवा नाही. १९२० साली प्रदर्शित झालेल्या ‘डॉक्टर कॅलिगारी’च्या चित्रपटात एक जादूगार झोपेत चालणाऱ्या माणसाकडून खून करवून घेतो. झिगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकाने १९४७ साली एक ग्रंथ लिहून असा सिद्धांत मांडला, की हिटलरच्या उदयापूर्वी जर्मन मनात काय शिजत होते याची चाहूल त्या काळच्या पडद्यावर लागते. सिद्धांत वादग्रस्त आहे, पण त्यामागील दृष्टी मोलाची आहे. शार्लोटे बेराट या पत्रकार स्त्रीने त्याहून विलक्षण उद्योग केला. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यापासून १९३९ साली देश सोडेपर्यंत ती परिचित-अपरिचितांची स्वप्ने गुप्तपणे टिपून ठेवीत होती. अशी सुमारे तीनशे स्वप्ने तिने जमवली आणि त्यांवरील पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एका कारखानदाराच्या स्वप्नात मंत्री गोबेल्स त्याच्या कारखान्यात येतो आणि आपल्याच कामगारांसमोर नाझी सलामीसाठी हात वर करायला त्या मालकाला अर्धा तास लागतो. कोणत्याही आर्थिक अहवालात ही नोंद सापडणार नाही. परंतु त्या काळच्या उद्योगजगताची मनःस्थिती तीत जेवढी आहे तेवढी आकड्यांत नाही.

तथापि, जर्मनांनी केवळ स्वप्ने टिपली नाहीत आणि केवळ चित्रपट काढले नाहीत. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला यापुढील भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. युद्धकाळात सुमारे १ कोटी ३० लाख परदेशी माणसांना जर्मनीच्या भूमीवर सक्तीने राबवण्यात आले होते. त्यात युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदीही आले. त्यांच्या मजुरीचा प्रश्न जर्मन सरकार आणि उद्योग यांनी अर्धशतकाहून अधिक काळ टाळला. शेवटी २००० साली कायद्याने एक प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या नावातच ‘स्मरण’, ‘जबाबदारी’ आणि ‘भवितव्य’ हे तीन शब्द आहेत. सुमारे १० अब्ज मार्कांचा निधी सरकार आणि उद्योग यांनी निम्मा-निम्मा उभारला आणि २००७ पर्यंत सोळा लाखांहून अधिक व्यक्तींना सुमारे ४ अब्ज ४० कोटी युरो देण्यात आले. ही रक्कम माणशी पाहिली तर अल्प होती आणि बहुसंख्य मजूर तोवर मरून गेले होते. पण देणे होते हे कबूल केले गेले आणि ते खात्यावर चढले. ‘झोप’सारखा चित्रपट या कबुलीनंतर निघतो हे ध्यानात घेतले पाहिजे. हिशेब सुरू झाल्यानंतरही समाजाची झोप पुरती निर्धास्त होत नाही, असे तो सांगतो.

आपल्याकडील भयपट

जर्मन प्रकाशछायेशी मुंबईचे नाते जुने आहे. १९३४ साली मालाडला उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योझेफ विर्शिंग हे जर्मन तंत्रज्ञ काम करीत होते. त्याच विर्शिंगने १९४९ साली कमाल अमरोहींच्या ‘महल’चे छायालेखन केले. आपल्या रुपेरी भुताटकीच्या पहिल्या सावल्या अशा रीतीने एका जर्मनाच्या हातच्या आहेत. पण ‘महल’मधील गतकाळ प्रेमाचा होता. त्याला समाजाच्या पापाचा स्पर्श नव्हता.

मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा आणि गूढकथा यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट मराठी मातीतून उगवला, आणि २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षाही अधिक चालला. १९१८ ते १९४७ या काळात घडणारी ती कथा मुळात अर्थशास्त्राचीच कथा आहे. पुरलेल्या देवतेच्या पोटातून सोन्याच्या मोहरा काढणारे घराणे काहीही निर्माण करीत नाही. ते केवळ उपसते आणि बापाची हाव मुलाच्या हाती सोपवते. हे सारे खरे असले तरी तुंबाडचा वाडा लांब आहे आणि त्यातला काळही लांबचा आहे. प्रेक्षक भिऊन घरी येतो आणि त्याच्या घराखालची जमीन शाबूत असते. ज्या जमिनीवर आपण आज उभे आहोत तिच्याविषयी भीती वाटायला लावणारी कलाकृती आपल्याकडे क्वचितच निर्माण होते.

भायखळ्याची जमीन

आणि अशी जमीन शोधायला दूर जावे लागत नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ साली त्याला आजचे नाव मिळाले. मुंबईच्या चौकांतून १९६० च्या दशकात हलवलेले इंग्रज राज्यकर्त्यांचे भग्न पुतळे या संग्रहालयाच्या आवारात आणून ठेवले आहेत. साम्राज्य बुडाले तरी सम्राज्ञीला परसदारी का होईना, जागा मिळाली. याच भायखळ्याच्या तुरुंगात १८९७ च्या जानेवारीत प्लेगच्या लशीची चाचणी झाली. हाफकिन यांनी आधी स्वतःला लस टोचून घेतली आणि नंतर तेथील बंदिवानांना ती टोचली. हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेला लाभले आणि ते योग्यच झाले. त्या बंदिवानांची नावे मात्र शहराच्या स्मरणात नाहीत. कोणाचे नाव टिकावे आणि कोणाचे पुसले जावे याचा एक अलिखित नियम या शहरात आहे, आणि गिरणी कामगारांच्या बाबतीत तो अत्यंत कठोरपणे अमलात आला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. वाटाघाटीचा अधिकार १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिलेला होता आणि कामगारांचा विश्वास दुसरीकडेच होता. या पेचातून कायद्याने वाट काढली नाही. १९८३ साली मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने हाती घेतले. परंतु असंख्य कामगारांना पुन्हा फाटकातून आत जाता आले नाही. भायखळ्याच्या खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा १९९४ साली भर रस्त्यात खून झाला आणि १९९७ च्या जानेवारीत स्वतः डॉ. सामंत मारले गेले. कापडाचा धंदा खालावत असताना जमिनीचा धंदा किती रक्तरंजित होऊ शकतो, हे त्या दशकाने दाखवले.

जमिनीचा हिशेब त्याहून बोलका आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाचे सूत्र ढोबळमानाने असे होते : गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. गिरणीची इमारत जेथे उभी होती ती जमीन वाटणीतून वगळली गेली. एका शब्दाच्या अर्थाने शहराच्या वाट्याची मैदाने आणि घरे आक्रसून गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली या अर्थाविरुद्ध निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पण नियमातील एक शब्द बदलून एखादा इतिहास किती शांतपणे पुरता येतो याचे हे उदाहरण कोणत्याही भयपटात शोभेल.

कामगारांना घरे देण्याचे आश्वासन मिळाले होते. म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली ती ६,९२५ घरांची, आणि अर्जदार होते दीड लाखाच्या घरात. त्यानंतर आणखी सोडती झाल्या, तरी २०२५ साली शेलू-वांगणीसारख्या दूरच्या ठिकाणी घरे देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध कामगारांना आझाद मैदानावर यावे लागले. या सर्व प्रक्रियेत मला सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच वाटते. आपण गिरणीत काम करीत होतो हे कामगारानेच सिद्ध करावयाचे असते. तिकीट नंबर, पगाराची पावती, विमा योजनेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, यांपैकी काहीतरी त्याने दाखवले पाहिजे. ज्या मस्टरवर त्याची रोजची हजेरी होती ते मस्टर गिरणीबरोबर गेले. साच्यावर उभे राहून ज्याने बहिरेपण पत्करले, त्याला आता आपण होतो याचा पुरावा गोळा करावा लागतो. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जपलेले एक पिवळे कार्ड त्याच्या साऱ्या आयुष्याचा साक्षीदार ठरते, आणि ते कार्ड एखाद्या पावसात भिजून गेले असेल तर तो माणूस कागदोपत्री गिरणीत कधी गेलाच नव्हता.

दोन आक्षेप

या तुलनेवर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा, की नाझींची सक्तीची मजुरी आणि मुंबईच्या गिरण्यांची बंदी या गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. हे पूर्णतः मान्य आहे. एकीकडे संगनमताने केलेला मानवसंहार होता. दुसरीकडे होती बाजार, राजकारण आणि बेपर्वाई यांतून घडलेली एक वाताहत. तुलना अपराधांची नाही. ती आहे विस्मरणाच्या पद्धतीची, आणि देणे कबूल करण्याच्या तयारीची.

दुसरा आक्षेप माझ्या विषयातील सहकारी घेतील. मुंबईच्या गिरण्या तशाही टिकणार नव्हत्या, असे ते म्हणतील. यंत्रे जुनी होती, नफा नव्या यंत्रांत गुंतवला जात नव्हता, भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढीत होते आणि शहराच्या मध्यावरील जमीन धाग्यापेक्षा महाग झाली होती. यातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत. संपाने गिरण्या बुडाल्या हे सुटसुटीत उत्तर अपुरे आहे आणि केवळ मालकांच्या कारस्थानाने बुडाल्या हेही अपुरे आहे. परंतु एखादा उद्योग संपणे अपरिहार्य होते एवढ्याने त्याची किंमत कोणी मोजली हा प्रश्न अपरिहार्यपणे संपत नाही. खर्च दिसेनासा झाला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या वहीत जातो. गिरणगावचा खर्च गेला तो चाळीतल्या खोल्यांत : शाळा सुटलेल्या मुलांच्या, पापड लाटून आणि धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बायकांच्या, आणि नाक्यावर टोळीच्या आसऱ्याला गेलेल्या पोरांच्या नावावर. जयंत पवार यांच्या १९९७ सालच्या ‘अधांतर’ या नाटकाने ती वही प्रथम उघडली. त्यावर आधारलेला महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ २०१० साली आला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली गिरणगावच्या शंभर माणसांच्या तोंडचा इतिहास ग्रंथरूपाने आणला. हे काम थोर आहे. पण अडीच लाख माणसांच्या आयुष्याच्या मानाने ते किती थोडे आहे!

वेळ थोडा आहे

संपाच्या वेळी पंचवीस वर्षांचा असलेला बदली कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्या वेळी चाळिशीत असलेल्यांपैकी फार थोडे उरले आहेत. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांचे आजोबा गिरणीत होते. पण पाळी सुटल्याचा भोंगा म्हणजे काय, हे विचारले तर वर्ग गप्प राहतो. आजोबांनी सांगितले नाही आणि बापाने विचारले नाही. ज्या पराभवाची लाज वाटते तो पराभव घरात बोलला जात नाही. ‘झोप’मधील मोनाच्या पिढीची ही नेमकी अवस्था आहे. वारसा तर मिळाला आहे, पण तो कशाचा ते ठाऊक नाही.

यावर उपाय अवघड नाहीत आणि खर्चिक तर मुळीच नाहीत. गिरण्यांची उरलीसुरली मस्टरे, पगारपत्रके आणि औद्योगिक न्यायालयांतील प्रकरणांचे कागद राज्याच्या पुराभिलेखागारात एकत्र आणावेत आणि ते संशोधकांना व कामगारांच्या वारसांना पाहण्यास मोकळे असावेत. पुरावा शोधण्याचा भार मग एकट्या म्हाताऱ्या कामगारावर पडणार नाही. गिरणगावातील महाविद्यालयांनी प्रत्येक वर्षी काही विद्यार्थ्यांना एकच प्रकल्प द्यावा : आपल्या चाळीतील एका माणसाची हकिगत त्याच्याच भाषेत टिपून आणणे. बेराटबाईंनी पाळतीच्या काळात चोरून जे केले ते आपल्याला उजळ माथ्याने करता येईल, आणि त्यात एक प्रश्न स्वप्नांविषयीचाही असावा. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर कापडगिरण्यांच्या संग्रहालयाची योजना आखली गेली आहे. तेथे यंत्रे आणि कारंजी यांच्या जोडीला कामगारांची नावे असावीत. यंत्र चालवणाऱ्याचे नाव नसलेले यंत्र म्हणजे निव्वळ भंगार. आणि आपल्या चित्रपटकारांना एवढेच सांगावेसे वाटते, की भीती शोधण्यासाठी कोकणातील पडक्या वाड्यापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. चाळिसाव्या मजल्यावरील नव्या घरात रात्री अडीच वाजता यंत्रांची घरघर ऐकू येते, ही कल्पना पुरेशी आहे.

हिशेबशास्त्रात एक साधी गोष्ट शिकवतात. देणे वहीत न लिहिल्याने ते फिटत नाही, उलट त्यावर व्याज चढते आणि ते कर्ज काढणाऱ्याला नव्हे, त्याच्या वारसाला भरावे लागते. जर्मनीने आपले देणे फार उशिरा लिहिले. पण लिहिले, आणि म्हणून तेथील दिग्दर्शकाला त्या देण्यावर चित्रपट काढता आला. आपण अजून वहीच उघडलेली नाही. भायखळा-लालबागच्या उंच मनोऱ्यांत राहायला येणाऱ्या नव्या शेजाऱ्यांविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही. त्यांनी सुखाने राहावे आणि त्यांना शांत झोप लागावी. पण ती झोप खरोखर शांत असावी असे वाटत असेल, तर खालच्या जमिनीत कोण राबले होते हे त्यांना आणि त्यांच्या मुलांना जागेपणीच सांगून टाकणे बरे. सांगणारी माणसे अजून आहेत. आणखी दहा वर्षांनी ती नसतील.